ज्याची त्याची भूक

नलूबाईला आपल्या बारीक अंगाचा अभिमान होता. बासष्ट वर्षांची बाई, पण पाठमोरी चालताना दिसली तर गावात नवीन आलेल्या माणसाला कुणाची तरी कॉलेजातली पोरगी वाटावी. दिग्रसपासून दहा-बारा किलोमीटरवरचं त्यांचं गाव. वीस एकर शेती, दोन मुलं, दोन सुना, एक नात. सगळं सुरळीत. आणि हे सगळं आपल्या राबण्यातून उभं राहिलं, याचा दाखला म्हणून नलूबाई आपलं अंगच पुढं करायची.

"आमी राबलो, बाप्पा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "राबनाऱ्या बाईच्या अंगावर मास चढत नाई."

हे वाक्य ती सहसा थोरली सून जवळपास असतानाच बोलायची.

थोरली उज्ज्वला अंगानं भरलेली. सतरा वर्षांपूर्वी ढाणकीहून लग्न होऊन आली तेव्हाच गोल होती. निकिता झाली आणि आणखी भरली. चार वर्षांपूर्वी धाकटी समीक्षा आली, ती शेवग्याची शेंग. दोघी एकाच तव्यावरची भाकर खायच्या, एकाच गंजातलं वरण घ्यायच्या. तरी एक अशी आणि एक तशी का, याचा अर्थ नलूबाईनं कधीचाच लावून ठेवला होता. उज्ज्वला चोरून खाते. तिनं तसं कधी पाहिलं नव्हतं, पण पाहायची गरजही वाटली नव्हती. दिवाळीचा फराळ झाला की डबे नलूबाई आपल्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवायची. चार दिवसांनी चिवडा उतरलेला दिसला की शेजारणीला हळूच सांगायची, "पेटीतूनई काढते व माय. काय म्हनावं आता!"

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं. बायकांची रांग लागली. नलूबाई काट्यावर चढली, बेचाळीस किलो. समीक्षा, शेहेचाळीस. उज्ज्वला चढली तेव्हा नर्सनं आकडा हळू आवाजात सांगून कागदावर लिहिला. मागं उभ्या असलेल्या नलूबाईनं मोठ्यानं विचारलं, "किती म्हन्लं?"

नर्सला सांगावं लागलं. "एक्याऐंशी."

रांगेतल्या दोन-तीन बायका हसल्या. उज्ज्वलानं चपला पायात सरकवल्या आणि रक्तदाब न तपासताच घरी निघून गेली. संध्याकाळी तिनं नेहमीसारखाच स्वयंपाक केला. 

पंधरा दिवसांनी कापसाची वेचणी लागली. पाठीवर गाठोडं घेऊन शेताच्या बांधावरून येताना नलूबाईचा पाय ढेकळावरून सटकला, आणि ती अशी पडली की उजवा पाय अंगाखाली सापडला. गोपालनं, थोरल्या मुलानं, तिला गाडीत घालून दिग्रसला नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही.

नलूबाईची खाट मधल्या खोलीत टाकली. डावीकडं स्वयंपाकघर, उजवीकडं अंगण. दोन्ही दारं उघडी. लग्नानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत नलूबाई पहिल्यांदाच आपल्या घरात नुसती पडून होती, आणि पडल्या पडल्या घर पाहण्यावाचून तिला दुसरा उद्योग नव्हता.

हाड जुळावं म्हणून उज्ज्वलानं डिंकाचे लाडू केले. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर दूध. खिचडीवर तूप. नलूबाईला धास्तीच बसली.

"एवढं तूप नोको टाकू व. पडल्या पडल्या फुगन मी."

"हाड जुळाले लागते, आई," उज्ज्वला म्हणायची आणि ताट ठेवून निघून जायची.

पहिल्या आठवड्यात नलूबाईची नजर उज्ज्वलाच्या हातावरच होती. आता सापडेल, आता तोंडात टाकेल. उज्ज्वला लाडवांचा डबा उघडायची, एक काढायची, क्षणभर डब्यात पाहत राहायची, झाकण लावायची आणि घागरीतलं पाणी प्यायची. दुपारी चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात येऊन ती उगाच ओटा पुसायची, पुन्हा पाणी प्यायची, बाहेर जायची. जेवताना दोन भाकरी घेऊन बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. कुणी बघत असलं तर दीड.

समीक्षाचं वेगळंच. तिच्या हाताशी ताट असलं तरी तिला जेवायची आठवण करून द्यावी लागायची. भूक लागली की तीन भाकरी खाईल, चौथीही मागेल, पण एकदा पोट भरलं की पुढ्यातला अर्धा लाडू तसाच सोडून उठेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता विसरून वेचणीला जाईल. बसली तरी तिचा पाय हालत असायचा, बोट चादरीवर ताल धरत असायचं. नलूबाईनं आपल्या चांगल्या पायाकडं पाहिलं. तोही खाटेच्या कडेला हालत होता.

मग दिवाळी आली. यंदा डबे पेटीत ठेवायला नलूबाईला उठता येईना, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या फळीवरच राहिले. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी सुना शेतात होत्या. नलूबाईचा डोळा लागला होता. भांड्याच्या आवाजानं ती जागी झाली. तिचे मालक किसनराव, अंगानं काडी, फळीपुढं उभे राहून चिवड्याचे बकाणे भरत होते. दाराकडं पाठ करून.

"ऐकलं काय जी?" नलूबाई म्हणाली.

किसनराव दचकले. ओठाला चिकटलेला पोहा पुसत ते वळले.

"पेटीतला चिवडा बी तुमीच खात होते?"

"हाव. रोज दोन मुठी."

"इतके वर्सं?"

"तू कवा इचारलंच नाई," किसनराव साधेपणानं म्हणाले, आणि जाता जाता आणखी एक चकली घेऊन गेले.

नलूबाई छताकडं पाहत पडून राहिली. शेजारणीला काय काय सांगितलं होतं ते तिला एकेक करून आठवायला लागलं. आठवणं संपता संपेना.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तिला दुसरी गोष्ट दिसली. निकिता, उज्ज्वलाची मुलगी, नववीत शिकणारी, आईच्याच बांध्याची. शाळेतून आली, ताट वाढून घेतलं आणि ते घेऊन अंगणात गेली. खुंट्याला शेळी बांधलेली होती. निकितानं मागं-पुढं पाहिलं, भाकरीचे तुकडे केले आणि शेळीपुढं टाकले. मग नळावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायली. पुष्कळ प्यायली.

"निके," नलूबाईनं हाक मारली. "इकडं ये."

पोरगी आली.

"भाकर काहून टाकली शेयीले?"

"भूक नाई मले."

"शाळेतून आली अन् भूक नाई? खरं सांग."

निकिता बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "आजी, तूच तं म्हन्ते न, मायवर गेली म्हून. मले नाई जायचं मायवर."

 "जाय, अभ्यास कर," एवढंच नलूबाई म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं लाडू परत पाठवला. उज्ज्वलाला वाटलं, पाय दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. उज्ज्वला खाटेजवळ बसून मेथी निवडत होती.

"एक इचारू काय व तुले?"

"इचारा न."

"तू अर्ध्या पोटी उठते. मी पाहून राह्यली महिन्यापासून. मंग हे..." नलूबाईनं हवेत हातानं गोल काढायला घेतला आणि अर्ध्यातच हात खाली घेतला.

उज्ज्वलाचे हात थांबले नाहीत. देठ एकीकडं, पानं एकीकडं.

"थे मलेई पाह्यजे होतं समजाले," ती म्हणाली. "दोन वर्साखाली दिग्रसले जाऊन रक्त तपासून आली मी. थायरॉईडचं. समीक्षाले संगं नेलं होतं. तुमाले सांगतलं का बाजारात चाललो."

"मंग? काय निंगालं?"

"नॉर्मल." ती जराशी हसली. "लोकं नॉर्मल आलं का खुश होतात. मी बसस्टँडवर बसून रडली. वाटलं, काही बिमारी निंगाली असती तं सांगता आलं असतं लोकाईले, का हे पाहा, याच्यानं होते. आता काय सांगू?"

 बाहेर शेळी ओरडली. मग नलूबाईनं विचारलं, "अन् भूक? भूक लागते तुले?"

आता मात्र उज्ज्वलाचे हात थांबले. सतरा वर्षांत या घरात तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"लागते न. लय लागते." ती सावकाश, एकेक शब्द तपासून बोलत होती. "समीक्षाले भूक लागली का खाते, पोट भरलं का इसरते. तिले इसरता येते. मले नाई येत. मी ताटावरून उठते तवा माहं पोट आत्ता कुठं जेवाले बसलं असते. सकाळी धा वाजता लागते, चारले लागते, निजाच्या टायमाले लागते. घरात कुठं काय हाय, डोये झाकून सांगन मी. लाडवाच्या डब्यात आता तेरा हायेत."

"मोजले तू?"

"मोजले नाई. मालूम असते."

नलूबाईला हसू आलं नाही. ती आपल्या एकादश्या आठवत होती, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. गावात तिच्यासारखे उपास कुणी केले नव्हते. भगर नको, साबुदाणा नको, नुसत्या चहावर दिवस काढायची. लोक म्हणायचे, काय निग्रह बाईचा.

उज्ज्वलाच्याही मनात तेच आलं असावं. "तुमाले उपास सोपा जाते, आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले रोजचं जेवन उपासावानी जाते. तरी काटा एक्याऐंशीच सांगते."

तिनं मेथीची परात उचलली आणि आत गेली. नलूबाईला तहान लागली होती, पण पाणी मागायला तिनं हाक मारली नाही.

सहा आठवडे संपले. गोपाल आणि उज्ज्वला नलूबाईला घेऊन दिग्रसला गेले. किसनरावांना बी-बियाण्याच्या दुकानात काम होतं, म्हणून तेही गाडीत बसले, पण दुकानाकडं न जाता दवाखान्यातच थांबले. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, हाड जुळलं असल्याचं सांगितलं. त्यांची पत्नीही डॉक्टर होती, शेजारच्या खोलीत बसायची. रक्तदाब तपासायला नलूबाईला तिच्याकडं पाठवलं. तिथं कोपऱ्यात काटा होता.

"माहं वजन करता काय, बाई?" नलूबाई म्हणाली. "दीड महिना खाटेवर होती. रोज दोन लाडू, दूध, तूप. नुसती फुगली असन."

उज्ज्वलाच्या खांद्याला धरून ती काट्यावर उभी राहिली. साडेबेचाळीस.

"काटा बिघडला काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काटा बरोबर आहे. तुमचे वडील कसे होते अंगानं?"

"काडी."

"आणि आई?"

"थे बी काडीच."

"मग तुम्ही काडीच राहणार. पडून खा, नाहीतर राबून खा, फार फरक पडत नाही. उंची जशी घरातून येते, तसा अंगाचा बांधाही बराचसा घरातूनच येतो. भूकसुद्धा. कुणाचं शरीर थोडक्यात पुरे म्हणतं, कुणाचं मागतच राहतं. कुणी बसल्या जागी हातपाय हलवून खाल्लेलं खर्चून टाकतं, आणि कुणाचं शरीर जपून वापरतं. त्याला कमी दिलं की आणखी जपून. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही."

"म्हंजे खान्याचा काही संबंध नाई?" दारातून किसनरावांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"आहे ना, काका. खाण्याचा आहे, झोपेचा आहे, चालण्याचा आहे, काळजीचा आहे. पण दोघांना एकसारखं जेवण दिलं तर दोघांचा काटा एकसारखा दिसेल, असं नसतं. आणि काट्यावर माणसाचा स्वभाव दिसत नाही. तेवढं लोकांनी ध्यानात ठेवलं तर माझं निम्मं काम कमी होईल."

नलूबाईनं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "माही नात हाय. चौदा वर्साची. जेवत नाई, शेयीले टाकते."

उज्ज्वलानं झटकन वळून पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

"माह्या बोलन्यापाई टाकते," नलूबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. वाढीच्या वयात पोरींनी उपाशी राहणं किती वाईट ते त्यांनी समजावलं, निकिताला दाखवायला घेऊन या म्हणाल्या. मग उज्ज्वलाकडं वळून विचारलं, "तुमचं कधी तपासलंय? साखर, बीपी? आकडा बाजूला ठेवू. हे बघणं जास्त गरजेचं आहे."

 उज्ज्वला आपणहून काट्यावर चढली आणि नंतर खुर्चीत बसून तिनं बाही वर केली. ती काट्यावर होती तेवढा वेळ नलूबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

रक्तदाब थोडा वर होता, साखर ठीक होती. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली. उपाशी राहू नका, चारला भूक लागते तेव्हा भाजलेले चणे, शेंगदाणे, काकडी, काहीतरी खातच जा, म्हणाल्या. वजन किती उतरेल ते सांगता येणार नाही, थोडं उतरेल किंवा नाही उतरणार, हेही त्यांनी साफ सांगितलं.

गाडी परत निघाली. गाव जवळ आलं तेव्हा उज्ज्वला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "ब्याऐंशी भरलं."

"असन," नलूबाई म्हणाली. थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली. "उज्ज्वला, मी लय बोलली व तुले. तुह्या माघारी बी बोलली. चिवडा तं यायनं खाल्ला."

पुढच्या सीटवर किसनराव खाकरले.

उज्ज्वलानं मान वळवली नाही. "सतरा वर्सं झाले, आई," ती म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नलूबाईनंही ते मागितलं नाही.

एका दिवसात काही बदललं नाही. निकिता पहिले काही दिवस संशयानंच आजीकडं बघायची. नलूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात यायची, तिच्याजवळ बसून जेवायची आणि वाढायचं काम पोरीच्याच हातात द्यायची. पोरगी ताट घेऊन शेळीपर्यंत जाईनाशी व्हायला तीन आठवडे लागले. उज्ज्वला चार वाजता चणे खायला लागली, आधी आत उभ्यानं, मग दारात बसून. नलूबाईची जीभ मात्र जुनीच होती. उज्ज्वलानं तिसरी भाकर घेतली की तिच्या तोंडाशी शब्द यायचा. मग ती पदर सारखा करायची, किंवा तुरीला किती फूल धरलं असं काहीतरी विचारायची.

जानेवारीत नलूबाईची मुकुटबनची बहीण दोन दिवसांसाठी आली. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. अंगणात सगळ्या जणी गोल बसून शेंगांतले ओले दाणे, सोले, काढत होत्या, आणि एका पातेल्यात मीठ घालून उकडलेल्या शेंगा मधोमध ठेवल्या होत्या. उज्ज्वलानं हात घातला तशी बहीण हसून म्हणाली, "उज्ज्वले, सासूच्या वाटचं बी तूच खाते वाट्टे. पाह्य न तुही सासू कशी वाळून गेली!"

समीक्षा खाली पाहायला लागली. निकिताचा हात पातेल्याशी थांबला.

"मी वाळली नाई," नलूबाई म्हणाली. "मी अशीच हाव. बाबा कसे होते, आठवते न तुले? थे का राबून वाळले होते? अर्धा जलम पारावर बसले."

"मी तं मजाक केली व."

"मीई सतरा वर्सं मजाकच करत होती." नलूबाईनं एक शेंग सोलली. "माह्या पोटाले भूकच कमी हाय. त्याच्यात माही काही हुशारी नाई. तिले लागते, अन् थे रोज आवरते. मले एक दिवस जमनार नाई. दुसरं काही बोल."

बहिणीनं तोंड वाकडं केलं. थोड्या वेळानं तिनं जावयाच्या नव्या मोटारसायकलचा विषय काढला, आणि सगळ्या त्यात शिरल्या. निकितानं मूठभर शेंगा उचलून मांडीत घेतल्या.

बहीण आत झोपायला गेल्यावर उज्ज्वला टरफलं टोपलीत भरत होती. भरता भरता ती म्हणाली, "आई, उद्या दिग्रसले जायचं हाय मले. ब्लाउज शिवाले टाकते. सगळे दाटून राह्यले. बारीक होईन मंग शिवीन, असं म्हनत दोन वर्सं काढले."

"टाक न."

"मोठ्या मापाचे टाकते म्हन्ते."

"मंग का लहान मापाचे टाकशीन?" नलूबाई म्हणाली. "चांगले तीन टाक. अन् कापड जरा भारी पाह्यजो."

उज्ज्वला हसली. टोपली कमरेवर घेऊन ती शेळीकडं निघाली.